‘वाघ वाचवा’ म्हणणारी मुलं आणि उसातला बिबट्या: एका शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातले जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालवे फिरले आणि पूर्वेकडची बाजरीची रानं हळूहळू उसाखाली गेली. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो, मग खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस. बिबट्याला लपायला जागा मिळाली, पाणी मिळालं, खायला कुत्री, शेळ्या आणि डुकरं आहेतच. मादी उसातच पिल्लं घालते. त्या पिल्लांनी डोंगर कधी पाहिलेलाच नसतो. ‘जंगलातला बिबट्या गावात शिरला’ अशी बातमी येते तेव्हा इथली माणसं म्हणूनच हसतात.

या पट्ट्यातल्या एका गावची ही शाळा, पाचवी ते दहावी. शाळा गावठाणात, मुलं मात्र बहुतेक मळ्यांमधल्या वस्त्यांवरची. दोन-तीन किलोमीटर गाडीवाटेनं चालत किंवा सायकलवर येतात, दोन्ही बाजूंना ऊस. गोष्ट २०२३-२४ या शैक्षणिक वर्षातली. परिसर शिक्षणाच्या कामानिमित्त माझं या शाळेत वर्षभर जाणं-येणं होतं. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ऑक्टोबरची भिंत

१ ते ७ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह. दरवर्षीप्रमाणे चित्रकला आणि घोषवाक्य स्पर्धा झाली. व्हरांड्याच्या भिंतीवर पट्टेरी वाघ लागले, सिंह, डॉल्फिन, पेंग्विन आणि एक हिमबिबट्यासुद्धा लागला. ‘वाघ वाचवा, जंगल वाचवा’ हे वाक्य इतक्या कागदांवर होतं की परीक्षकांना नंबर काढताना अडचण आली. पहिला नंबर आलेल्या आठवीतल्या मुलाच्या वाघाच्या डोळ्यांत अश्रू होते आणि मागे तोडलेली झाडं.

भिंतीवर बिबट्या नव्हता. कोल्हा, मुंगूस, उदमांजर, घोरपड, टिटवी यांतलंही कुणी नव्हतं. चित्रकलेच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, “मुलांना वन्यजीव म्हटलं की टीव्हीवरचे आठवतात. बिबट्या म्हणजे त्यांच्या डोक्यात वन्यजीव नाही. घरचा वैरी आहे.”

सप्ताह संपल्यावर मराठीच्या बाईंनी नववीला निबंध दिला: ‘बिबट्या आणि आम्ही’. ज्या मुलानं घोषवाक्यात वाघाला राष्ट्राची शान म्हटलं होतं, त्यानंच इथं लिहिलं होतं की सरकारनं सगळे बिबटे गोळ्या घालून संपवावेत, नाहीतर मंत्र्यांच्या बंगल्यात सोडावेत. एकीनं चारच ओळी लिहिल्या. त्यांच्या मोत्याला रात्री नेलं, सकाळी साखळी आणि पट्टा मिळाला, पट्टा आईनं फेकू दिला नाही. एवढंच. बाईंनी त्या वहीवर गुण दिले नाहीत, नुसती सही केली.

या दोन मतांत मुलांना काही विसंगती वाटत नव्हती. मला वाटतं, ती तशी नव्हतीच. वाघाबद्दलचं मत त्यांना शाळेनं दिलं होतं आणि ते पाळायला काही खर्च नव्हता. बिबट्याबद्दलचं मत घरच्या गोठ्यातून आलं होतं.

प्रश्न कसा उभा राहिला

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्याच आठवड्यात शेजारच्या गावात तिन्हीसांजेला अंगणात खेळणाऱ्या लहान मुलावर बिबट्यानं झडप घातली. आजीनं आरडाओरडा केला, शेजारचे धावले, मूल वाचलं. ते मूल आपल्या शाळेतल्या सहावीच्या एका मुलीच्या मावशीचं. ती दोन दिवस आली नाही आणि आली तेव्हा वर्गात फक्त हाच विषय होता.

ग्रामसभा झाली. पिंजरा लावा, रात्रीची वीज दिवसा द्या, नाहीतर रास्ता रोको, असं ठरलं. वीज आणि बिबट्या यांचा संबंध बाहेरच्याला पटकन कळत नाही. शेतीपंपाला वीज तेव्हा आळीपाळीनं येई, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की बाप्या माणूस बॅटरी घेऊन उसात दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला जाई, आणि सोबतीला पुष्कळदा शाळकरी पोरगा असे.

मग सरपंच आणि दोन-तीन कार्यकर्ते मुख्याध्यापकांकडे आले. वनपरिक्षेत्र कार्यालयावर मोर्चा जाणार होता. पुढे आठवी ते दहावीची मुलं, हातात फलक. “सर, पोरं पुढं असली की साहेब खुर्चीतून उठतो. आमच्या तोंडाकडं कोण बघतंय?” सरपंचांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

मुख्याध्यापकांपुढचे पर्याय

मुख्याध्यापक याच तालुक्याच्या पश्चिम भागातले, महादेव कोळी समाजातले. नोकरीची थोडी वर्षं उरलेली. त्यांनी एक दिवस मागून घेतला आणि संध्याकाळी शिक्षकांना बसवलं.

पहिला पर्याय मोर्चाला मुलं देण्याचा. गाव खूश होणार होतं आणि शाळेची नवी खोली लोकवर्गणीतून चालली होती, हेही कुणी बोललं नाही तरी सगळ्यांच्या डोक्यात होतं. पण शाळेच्या वेळेत, शाळेच्या गणवेशात मुलं आंदोलनात नेणं नियमात बसत नव्हतं, आणि फलकावर काय लिहिलेलं असेल ते शाळेच्या हातात नव्हतं. ‘बिबट्या मारा’ असा फलक धरलेला फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला असता.

दुसरा, साफ नकार द्यायचा आणि विषय बंद करायचा. शास्त्राच्या सरांना हेच योग्य वाटत होतं. अभ्यासक्रम मागे पडला होता.

तिसरा पर्याय पाहुणा बोलवायचा. तज्ज्ञ येतील, स्लाइड दाखवतील, गैरसमज दूर होतील. सर्वात सोपा मार्ग हाच होता आणि बहुतेक शाळा तोच घेतात. इंग्रजीच्या तरुण बाईंनी विचारलं, “पण सर, गैरसमज कुठला? त्यांची शेळी खरंच गेलीय.”

चौथा पर्याय बोलता बोलता निघाला. मुलांनी मोर्चात जायचं नाही, पण स्वतःचं निवेदन लिहायचं. मोठ्यांच्या निवेदनाला ते जोडायचं, आणि त्यात काय लिहायचं ते मुलांनीच ठरवायचं. शाळा व्यवस्थापन समितीपुढे हा विषय गेला. एका सदस्यानं ‘पोरांना काय कळतंय’ म्हणून विरोध केला, दोन माता सदस्यांनी तो मोडून काढला. सरपंच नाराज झाले, पण निवेदन स्वतःच्या हातानं देण्याचं त्यांनी कबूल केलं.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि त्याचं कारण निवेदन लिहिताना कळलं.

निवेदन

आठवी-नववीच्या वर्गांत मराठीच्या बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला: ‘बिबट्याचं काय करावं?’ ओरडा झाला. मारा, पकडा, ताडोबात सोडा, गुजरातला द्या. बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग ते पुसलं आणि दुसरा प्रश्न लिहिला: ‘तुला शाळेत येताना आणि घरी जाताना काय हवं?’

वर्ग शांत झाला आणि हळूहळू हात वर आले. कालव्याच्या मोरीजवळचा दिवा वर्षभर बंद आहे. एसटीची संध्याकाळची फेरी उशिरा येते, उतरल्यावर अंधार असतो. गाडीवाटेला टेकून लावलेल्या उसाच्या दोन सऱ्या मालकानं सोडाव्यात, म्हणजे कडेचं दिसेल. घरात संडास आहे पण पाणी नाही, पहाटे बाहेर जावं लागतं (हे एका मुलीनं चिठ्ठीवर लिहून दिलं). दहावीचे जादा तास संध्याकाळी नकोत. रात्रपाळीच्या आठवड्यात वडलांबरोबर जावं लागतं, दुसऱ्या दिवशी वर्गात झोप येते.

बिबट्या मारा ही मागणी निवेदनात आलीच नाही. कुणी गाळली नाही, मुलांनीच ती धरली नाही. पिंजरा मात्र राहिला. सहावीतल्या त्या मुलीच्या आग्रहानं तो पहिल्या क्रमांकावर गेला, आणि तो खाली ढकलायचा प्रयत्न कुणी केला नाही हे बरं झालं.

वनरक्षकाची भेट

मोर्चानंतर पिंजरा लागला आणि वनरक्षक शाळेत आले. सुरुवात नेहमीची: बिबट्या निसर्गाचा महत्त्वाचा घटक आहे, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणं गुन्हा आहे. मुलं गप्प ऐकत होती, म्हणजे ऐकत नव्हती. मागच्या रांगेतून सातवीतला एक जण उभा राहिला. “साहेब, मग आमच्या शेळीचं काय? गाभण होती.”

वनरक्षकांनी विचारलं, कधी गेली, पंचनामा झाला का. पंचनामा झाला नव्हता. घरच्यांनी राहिलेलं ओढ्यात टाकून दिलं होतं आणि कुणाला कळवलं नव्हतं, कारण ‘पैसे येत नाहीत’ असं शेजारी म्हणाले होते. मग त्यांनी भाषण सोडलं आणि बाकावर बसून सांगायला लागले. ४८ तासांच्या आत कळवायचं, १९२६ या नंबरवर किंवा थेट वनरक्षकाला. जनावर जागेवरून हलवायचं नाही. फोटो काढून ठेवायचे. बाजारभावाच्या पाऊण हिश्शापर्यंत, ठरलेल्या मर्यादेत, भरपाई मिळते. मुलं वह्या काढून लिहू लागली. त्या तासात पहिल्यांदाच.

पुढे प्रश्न आला की पकडलेला बिबट्या लांब का सोडत नाहीत. त्यांनी जुन्नरचाच दाखला दिला. २००१ च्या आधी या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला तेव्हा, २००१ ते २००३ मध्ये, ही सरासरी सतरावर गेली, आणि हे हल्ले मुख्यतः सोडलेल्या जागांच्या आसपास झाले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नोंदवून ठेवलं आहे. परक्या जागी सोडलेलं जनावर बावरतं, आणि रिकाम्या झालेल्या उसात दुसरा बिबट्या येतो. दहावीच्या मुलांना हे पटलं नाही. “आमच्याकडचा नेला की आमचे चार महिने तरी सुखाचे,” एक जण म्हणाला. वनरक्षक म्हणाले, “आणि ज्या गावात सोडला त्या गावचं पोरगं?” वाद मिटला नाही. तास संपला.

याच सुमाराला माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राला सहल न्यावी अशी सूचना आली. मुख्याध्यापकांनी ती नाकारली. पिंजऱ्यातले बिबटे बघून मुलं एवढंच म्हणतील की आमचाही इथंच आणा, असं त्यांचं म्हणणं. मला हा निर्णय तेव्हाही अर्धवट पटला होता. जखमी, म्हातारे, माणसावर हल्ला केलेले बिबटे पुढची कैक वर्षं कसे जगतात हे बघणं म्हणजे ‘पकडा’ या मागणीची पुढची पायरी बघणं आहे. दहावीच्या मुलांना ते झेपलं असतं.

नकाशा आणि एक अडचण

आठवीच्या भूगोलाच्या सरांनी गावाचा नकाशा करायला घेतला. वस्त्या, ओढा, विहिरी, कुठं आडसाली, कुठं खोडवा, कुठून कुत्रं गेलं, कुठून शेळी गेली, कुठं ठसे दिसले. मुलं आजोबांना, ट्रॅक्टरवाल्यांना विचारून आली. कागद भरत गेला तसं एक गोष्ट दिसली. कुत्री जास्त गेली होती ती ओढ्याच्या एका वळणाजवळून, आणि तिथं एका पोल्ट्रीच्या मेलेल्या कोंबड्या टाकल्या जात. कोंबड्यांना कुत्री जमत, कुत्र्यांना बिबट्या येई. शेजारच्या अकोले तालुक्याच्या बागायती भागात बिबट्यांच्या विष्ठेचा जो अभ्यास झाला त्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के भक्ष्य पाळीव जनावरांचं निघालं होतं, एकट्या कुत्र्यांचं ३९ टक्के. मुलांचा नकाशा तेच सांगत होता, फक्त इथं मालकाचं नाव कळत होतं. मालकाचा मुलगा त्याच वर्गात होता.

सरांची पंचाईत झाली. नकाशा प्रजासत्ताक दिनाला ग्रामपंचायतीत लावायचं ठरलं होतं. लावला असता तर वर्गातल्या एका मुलाच्या बापाकडे गावानं बोट दाखवलं असतं. न लावावा तर मुलांना कळणार की खरं शोधलं तरी झाकून ठेवतात. शेवटी मुख्याध्यापक त्या मालकाकडे एकटेच चहाला गेले आणि नकाशाची घडी उलगडून दाखवली. मालक आधी तापले, मग म्हणाले, खड्डा खणून चुना टाकून पुरतो. जेसीबी दुसऱ्याच आठवड्यात आला. २६ जानेवारीला नकाशा लागला तेव्हा त्या जागेवर ‘पूर्वी कचरा, आता बंद’ असं लिहिलं होतं आणि ते अक्षर मालकाच्या मुलाचं होतं. मुख्याध्यापकांनी त्यालाच लिहायला सांगितलं होतं. ही त्यांची हुशारी.

वाघबारशीचा तास

मुख्याध्यापकांनी एकदा परिपाठानंतर आपल्या गावची वाघबारस सांगितली. वसुबारशीच्याच दिवशी गुराखी पोरं वाघोबाच्या ठाण्याशी जमतात, खीर शिजते, एक पोरगा वाघ होतो आणि बाकीचे त्याला हाकलून लावतात. वाघाला नैवेद्य द्यायचा आणि गुरांपासून लांब राहा असंही बजावायचं. मुलांना मजा वाटली, पण “सर, आमच्यात नाय असलं काय” हेही आलंच. बागायतदाराच्या मुलाला डोंगरातल्या गुराख्याची श्रद्धा उसनी देता येत नाही, आणि सरांनी ती द्यायचा प्रयत्न केला नाही. ऐकून ठेवा म्हणाले.

काय साधलं, काय नाही

मोरीजवळचा दिवा लागला. एसटीची वेळ बदलली नाही. गाडीवाटेच्या कडेच्या सऱ्या तिघांनी सोडल्या, बाकीच्यांनी ‘पुढच्या लागणीला बघू’ म्हटलं. लांबच्या वस्त्यांवरची मुलं टोळी करून, मोठ्यानं गाणी म्हणत जाऊ लागली, लहानगी मध्ये. दहावीचे जादा तास संध्याकाळऐवजी सकाळी साडेसहाला घ्यायचं ठरलं होतं, पण डिसेंबरात सूर्य सातला उगवतो आणि पहाट तिन्हीसांजेइतकीच वाईट, हे वनरक्षकांच्या लक्षात आलं. तास मधल्या वेळेत बसवले. सातवीतल्या त्या मुलाच्या घरची दुसरी शेळी गेली तेव्हा त्यानं स्वतः फोन केला आणि आजीला ती हलवू दिली नाही. पंचनामा झाला, पैसे उशिरा आले, पण आले.

जानेवारीत नववीतल्या एकाच्या उसात तोड चालू असताना दोन पिल्लं सापडली. खरी परीक्षा तिथं झाली, आणि निकाल संमिश्र होता. त्या मुलानं तोडकऱ्यांना थांबवलं, १९२६ला फोन लावला. वन विभागाच्या माणसांनी पिल्लं पेटीत घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवली आणि रात्री मादी घेऊन गेली. पण मधल्या दोन तासांत त्याच्याच वर्गातला दुसरा पिल्लू छातीशी धरून उभा राहिला आणि तो व्हिडिओ रात्रभर गावाच्या स्टेटसवर फिरला. त्या मुलाचा पूर्वीचा निबंध मी वाचलेला आहे, गोळ्या घाला म्हणणारा तोच. पिल्लू त्याला गोड वाटलं होतं. त्याला शाळेत बोलवून ओरडण्याऐवजी मादीनं घेतलं नसतं तर काय झालं असतं ते वनरक्षकांनी त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, व्हिडिओ मात्र काढून टाकला.

वर्षअखेर बाईंनी तोच निबंध पुन्हा दिला. भीती होती तेवढीच होती. मारा म्हणणारे खूप कमी झाले, न्या म्हणणारे तसेच राहिले. ‘वन विभाग काही करत नाही’ हे वाक्य कमी झालं, त्या जागी ‘उशिरा येतात’ आलं. बिबट्यावर प्रेम बसलं असं कुणी लिहिलं नाही आणि तशी अपेक्षा धरणंही मला चुकीचं वाटतं.

मुलींची बाजू मात्र बिघडली. लांबच्या मळ्यांवरच्या काही घरांनी बिबट्याचं कारण सांगून मुलींचे जादा तास बंद केले, एकीला मामाकडे पाठवलं. भाऊ त्याच वाटेनं येत होता. भीती खरी होती, पण तिचा उपयोग आधीच ठरलेल्या गोष्टीसाठी झाला, असं माता सदस्यांपैकी एकीनं मला स्पष्ट सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

वनरक्षकांची भेट निबंधाच्या आधी व्हायला हवी होती, आणि तीही भरपाईच्या कागदांपासून सुरू. कायद्याचं कलम शेवटी सांगितलं असतं तरी चाललं असतं. मुलींच्या घरी शिक्षकांनी जोडीनं जायला हवं होतं, हजेरी घसरल्यावर नाही, टोळ्या करून जायचं ठरलं तेव्हाच. टोळ्या वस्तीवार केल्या होत्या, त्यात जातीपातीचे आणि भावकीचे वाद आडवे आले आणि दोन वस्त्यांवरची मुलं शेवटपर्यंत वेगळीच चालली.

सगळ्यात मोठी राहून गेलेली गोष्ट ऊसतोड मजुरांच्या मुलांची. बीडकडून टोळ्या येतात, शेताच्या कडेला कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या घालतात, लहानगी जमिनीवर झोपतात, आईबाप पहाटे तोडीवर गेल्यावर भावंडं सांभाळतात. बिबट्याच्या सर्वात जवळ तीच राहतात. त्यांतली काही मुलं काही दिवस शाळेत बसली, पण निवेदन लिहिलं गेलं तेव्हा टोळ्या नुकत्याच आल्या होत्या. मुलांच्या मागण्यांत कोप्यांचं नाव नाही आणि नकाशातही कोप्या नाहीत. भूगोलाच्या सरांना हे फेब्रुवारीत लक्षात आलं, तेव्हा हंगाम उतरणीला लागला होता. शाळेनं पुढच्या हंगामासाठी कारखान्याच्या गट कार्यालयाला पत्र दिलं आहे: कोणती टोळी कुठल्या शेतात उतरणार ते आधी कळवा, म्हणजे कोप्या उघड्या माळावर घालता येतील, तिथं सौर दिवा लावता येईल आणि मुलांची नावं पहिल्याच आठवड्यात हजेरीवर घेता येतील. पत्राची पोच मिळाली आहे, उत्तर आलेलं नाही.